आधी सहा, नंतर अकरा

ताई,

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मला बोलायला उभं केलं होतं. तुझ्या शाळेच्या पटांगणात मांडव, समोर घोडेगावातली ओळखीची-बिनओळखीची दोनशे माणसं, तुझ्या जुन्या विद्यार्थिनी कडेवर पोरं घेऊन आलेल्या. वंदना झाली, हेडमास्तर बोलले, मग एक पुढारी बोलले. ते म्हणाले, "घोडेगावचा तारा निखळला." मला वाटलं, आता तू उठून म्हणशील, "साहेब, तारा कधी निखळत नसतो. तो खडा असतो, बहुतेक वेळा वाळूच्या कणाएवढा." कोणी उठलं नाही. मग माइकवरून माझं नाव आलं.

मी माइक हातात घेतला आणि सवयीनं आधी त्याची वायर बघितली. सैल होती, ती घट्ट केली. मग म्हणालो, "ताईला आकडे लई आवडायचे." एवढं म्हणून खाली बसलो. लोकांना वाटलं, भाऊ गहिवरला. कोणीतरी पाण्याचा ग्लास पुढं केला.

गहिवरलो नव्हतो, भ्यालो होतो. शाळेनं छापलेलं चार पानी पत्रक प्रत्येकाच्या हातात होतं आणि पहिल्या पानावर, तुझ्या फोटोखाली, तू दवाखान्यात काढलेला शेवटचा आलेख होता. खाली लिहिलं होतं, 'अखेरच्या दिवसांतही संशोधन सुरू'. मला त्या आलेखाबद्दल बोलायचं होतं. पण मांडवातल्या एकाही माणसाला त्याचं काही पडलेलं नव्हतं. ज्या एका माणसाला पडलं असतं, त्यालाच आता सांगतो.

या सगळ्याची सुरुवात फजितीनं झाली, आठवतं? त्या नोव्हेंबरात पेपरात आलं होतं की पहाटे उल्कांचा पाऊस पडणार. तू नववीचा अख्खा वर्ग घेऊन शाळेच्या गच्चीवर बसलीस. पाऊस कसला, सगळ्यांच्या मिळून चौदा दिसल्या आणि निम्म्या पोरांना सर्दी झाली. पुढच्या रविवारी खोडदला आपल्या घरी आलीस ती हिरमुसलेली. मी पडवीत जुन्या टीव्हीचा ट्यूनर उघडून बसलो होतो. म्हणालो, "ताई, तू चौदा बघितल्या. मी त्याच सकाळी आठ वाजता, उन्हात बसून, शंभराच्या वर ऐकल्या."

"काय ऐकल्यास?"

"उल्का."

"थट्टा करू नको मिलिंदा. आधीच डोकं दुखतंय."

थट्टा नव्हती. खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या डिश उभ्या राहत होत्या तेव्हा मी रोजावर तारेची जाळी बांधायला होतो, हे तुला माहीत होतं. दुपारच्या सुट्टीत मी माझा एक सेट लावून बसायचो. त्यात मधूनच बारीक शिट्टी वाजून जायची. तिथला एक इंजिनिअर चहा पिताना थांबला, ऐकलं आणि म्हणाला, हे उल्कांमुळं होतंय. लांबच्या टीव्ही केंद्राची लहर एरवी आपल्यापर्यंत पोचत नाही, जमिनीच्या बाकाआड राहते. उल्का जळाली की वर क्षणभर आरसा तयार होतो आणि लहर त्यावर आपटून इकडं येते. दिवसा पण येते, ढग असले तरी येते. पुढं आळेफाट्याला टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं तरी घरी तो सेट मी मोडला नाही.

मी सेट सुरू केला. दहा मिनिटं नुसती खरखर. तू घड्याळाकडं बघायला लागलीस. आणि मग आली. टिंऽव करून, अर्धा सेकंदसुद्धा नसेल. तू माझं मनगट धरलंस. दुसरी आली, तिसरी आली. चौथी मात्र लांब होती, तीन-चार सेकंद गात राहिली आणि मग कोणीतरी गळा दाबावा तशी बंद झाली.

इतकी वर्षं मी ऐकत होतो, पण माझ्या डोक्यात एक साधा प्रश्न आला नव्हता. तो तू तिथल्या तिथं विचारलास. "ही लांब का आणि बाकीच्या आखूड का? आणि लांब होती तर हळूहळू विरायला पाहिजे. मधेच बंद का पडली?"

तू आईच्या फोटोखालच्या स्टुलावर बसलीस आणि संध्याकाळपर्यंत उठली नाहीस. जाताना शेवटची एसटी चुकता चुकता राहिली.

पुढचे तीन महिने तू कुठून कुठून पुस्तकं आणलीस. आणि मग एके दिवशी मला तुझ्या वर्गात बसवलंस. शाळेचा टीव्ही दुरुस्त करायला आलो होतो, काम झालं होतं. दहावीचा तास. तू मॅग्नेशियमची फीत चिमट्यात धरून पेटवलीस. डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडला, पोरं ओरडली, आणि मग चिमट्यात पांढरी राख राहिली. "कुठं गेलं मॅग्नेशियम?" तू विचारलंस. "जळालं, बाई!" "जळालं म्हणजे संपलं का? मिलिंदमामा, तुम्ही सांगा." चाळीस पोरांपुढं मला दरदरून घाम फुटला. मी म्हणालो, "संपलं न्हाई. ऑक्सिजन लागला त्याला." तू असं काही बघितलंस माझ्याकडं, की आपण बोर्डात आलो असं मला वाटलं. दहावीला विज्ञानात पस्तीस होते मला, ताई.

त्याच तासाला तू सांगितलंस, तेच वर होतं. नव्वद-शंभर किलोमीटरवर उल्का जळते तेव्हा तिच्यातलं लोखंड, मॅग्नेशियम, सोडियम वाफ होऊन सुटतं. हवेशी टक्कर होऊन त्यातले इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्या इलेक्ट्रॉनचा पट्टा म्हणजे मिलिंदमामांचा आरसा. बारकी उल्का असली तर पट्टा पसरून विरून जातो. मोठी असली तर तो टिकू शकतो, पण तिथं ओझोन असतो. धातूचा कण ओझोनकडून ऑक्सिजन घेतो, आणि ऑक्सिजन लागलेला कण इलेक्ट्रॉनला झटकन ओढून घेतो. इलेक्ट्रॉन संपले की आरसा गेला. म्हणून शिट्टी मधेच तुटते. "मामा कानानं जे ऐकतात ना," तू म्हणालीस, "ती शंभर किलोमीटरवरची रासायनिक अभिक्रिया आहे. जिथं विमान जात नाही आणि फुगा पोचत नाही, तिथली."

मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की मी काय करत होतो. त्याबद्दल तुझे उपकार कधी बोलून दाखवले नाहीत. आपल्यात तशी रीत नव्हती.

मग आपण मोजायला लागलो. तुझं म्हणणं होतं, रात्री वरचा ओझोन जास्त असतो आणि ऊन लागलं की तो फुटून कमी होतो. म्हणजे सूर्य उगवण्याआधी लांब शिट्ट्या लवकर तुटायला हव्यात, आणि उगवल्यावर जास्त टिकायला हव्यात. खोडदला आपल्याला सूर्य दिसायच्या चाळीसेक मिनिटं आधीच तिथं वर ऊन पोचलेलं असतं, हेही तूच हिशेब करून काढलंस. त्याला तू 'वरचा सूर्योदय' म्हणायचीस. डिसेंबरच्या मधल्या चार सकाळी सगळ्यात महत्त्वाच्या, कारण दरवर्षी तेव्हा उल्का जास्त पडतात. मी पाचला उठून पडवीत बसायचो, आठपर्यंत. एक रेघ म्हणजे एक शिट्टी. दहा सेकंदांच्या वरची असली तर रेघेला गोल. वरच्या सूर्योदयाला एक आडवी रेघ मारायची आणि पुढं चालू.

खोडदमध्ये माझी चेष्टा व्हायची. शेजारचे तात्या दूध काढायला उठले की कुंपणावरून ओरडायचे, "काय राव, टोमॅटोचा भाव काय सांगत्यात वरून?" मी म्हणायचो, "पडलाय." ते म्हणायचे, "मग खरं सांगत्यात."

आठवड्याची वही भरली की मी आळेफाट्यावरून मंचरच्या गाडीच्या कंडक्टरकडं द्यायचो, तो पुढं घोडेगावच्या गाडीत टाकायचा, दाजी पंचायत समितीत जाताजाता स्टँडवरून उचलायचे. परत यायची तेव्हा तुझ्या बारीक अक्षरानं भरलेली असायची. जो आकडा तुला पटायचा नाही त्याच्याशेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह. एकदा लिहिलं होतंस, 'पाऊण तासात एकही नाही? झोपला होतास?' झोपलो होतो. तुला कळलं कसं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तेव्हा मी तुझ्यापाशी काही लपवू शकणार नाही, अशीच माझी समजूत होती.

चार डिसेंबर गेले. लांब शिट्ट्या मुळातच थोड्या, त्यामुळं कधी आकडा तुझ्या बाजूनं पडायचा, कधी नाही. पण चारी वर्षं मिळवून तुझं म्हणणं हळूहळू खरं होताना दिसत होतं. तू पुण्याला एका प्राध्यापकांची वेळ घेतलीस. नवी साडी नेसून गेलीस, वह्या कापडी पिशवीत. ते गृहस्थ चांगले होते. चहा दिला, दोन तास वह्या बघितल्या, मोजणी नीट केलीय म्हणाले. मग उठून कपाटातला एक जाडजूड बांधीव अंक काढला आणि पान उघडून तुझ्यापुढं ठेवलं. सूर्योदयाला लांब पट्टे का टिकतात, ओझोन काय करतो, सगळं परदेशात मोजून, छापून झालेलं होतं. त्यांच्याकडं रडार होती.

तू त्याच्या झेरॉक्स घेऊन थेट माझ्या दुकानात आलीस. इतकी खूश मी तुला तुझ्या लग्नातसुद्धा बघितली नव्हती. "मिलिंदा, बरोबर होतं आपलं! बघ, अगदी हेच!"

मी हातातला सोल्डर खाली ठेवला. "छापलंय कवा?"

"बरीच वर्षं झाली."

"मग आपण काय शोधलं?"

"शोधलं म्हणजे? खरं निघालं की."

"त्यांचं खरं निघालं. आपलं शिळं निघालं."

"आपल्या डोक्यावरच्या आभाळात कोणी मोजलं होतं? कोणीच नाही."

"आपल्या डोक्यावरचं आभाळ काय येगळं हाय का, ताई? चार वर्षं पाचला उठलोय मी. पोरं झोपेत असताना उठायचो, दुकान नऊच्या जागी दहाला उघडायचो. गिऱ्हाईक जायचं पलीकडं. कशापायी? कुणाच्या तरी पुस्तकातलं एक वाक्य खरं हाय, हे बघायला?"

"खरं असणं पुरे नाही का तुला?"

"तुला पुरत असंल. तू मास्तरीण हायेस."

हे वाक्य मी बोललो. गिऱ्हाइकापुढं बोललो. तू झेरॉक्स गुंडाळल्या, पिशवीत घातल्या आणि रस्ता ओलांडून स्टँडवर जाऊन उभी राहिलीस. मला वाटलं, गाडी यायच्या आत जाऊन माफी मागावी. त्या दिवशी गाडी नेमकी वेळेवर आली.

त्यानंतर पाच महिने आपण बोललो नाही. त्यात एका दुपारी मी पत्र्यावर चढलो आणि बांबूवरची आपली उल्कांची अँटेना खाली घेतली. चांगले ॲल्युमिनियमचे दांडे होते. कापून त्यांच्या घरगुती टीव्हीच्या अँटेना केल्या आणि गिऱ्हाइकांना लावून दिल्या. एक वारूळवाडीत आहे, दोन आळ्यात, एक ओतूरला. सेट उघडून त्यातले पार्ट दुसऱ्या सेटांना वापरले. रागानं केलं म्हणावं तर तसंही नाही. काम करताना शिट्टी वाजवत होतो मी.

दिवाळीत दाजींचा फोन आला. तुझ्या पोटात गाठ निघाली होती, आणि ती पोटातच थांबली नव्हती.

पुण्याच्या दवाखान्यात आलो तेव्हा तू भांडणाचा विषय काढला नाहीस. मीही नाही. तुझे हात हातात घेतले, ते इतके हलके लागले की मी लगेच खाली ठेवले. निघताना तू म्हणालीस, "डिसेंबर आला. मोजणार ना?"

समोर सलाइनची बाटली. मी म्हणालो, "मोजणार की."

नवीन अँटेना करायला किती वेळ लागतो? दोन दिवस. सेटला आठवडा. मी मेकॅनिक आहे, ताई. पण दवाखान्याच्या चकरा होत्या, दुकान होतं, आणि खरं सांगायचं तर मला पत्र्यावर चढायचं धैर्य होत नव्हतं. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता ती पहिली सकाळ उजाडली.

साडेआठला आळेफाट्याच्या बूथवरून फोन लावला. ठरवून गेलो होतो की सांगायचं, अँटेना बिघडलीय, यंदा जमत नाही. दाजींनी दवाखान्यासाठी घेतलेला मोबाइल तूच उचललास. आवाज ओळखू येत नव्हता. मी 'कशी हायेस' विचारायच्या आत तू म्हणालीस, "किती?"

"एकशे बारा," मी म्हणालो.

"लांब?"

"वरच्या सूर्योदयाआधी सहा. नंतर अकरा."

पलीकडं तू हसलीस. "बघ. बघ मिलिंदा."

पहिला आकडा तोंडातून निसटला, असं मी म्हणू शकतो. पुढच्या तीन दिवसांचं तसं म्हणता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मी पाचला उठलो, पडवीत बसलो, तुझ्या वह्यांतली जुनी पानं आठवली आणि आकडे तयार केले. खरे वाटायला हवेत म्हणून. दिवस वर येईल तशा एकूण शिट्ट्या कमी व्हायला हव्यात, हे मला पाठ होतं, तशा कमी केल्या. तुझं म्हणणं फार उघडपणे खरं निघू नये म्हणून एका दिवशी आधी सात आणि नंतर सातच ठेवल्या. तिसऱ्या दिवशी वीस मिनिटं वीज गेली होती असंही सांगितलं. तू म्हणालीस, "चालेल, तेवढा वेळ वगळू." आणि वगळलास. माझ्या खोट्यातनं तू प्रामाणिकपणे वीस मिनिटं वगळलीस.

आलेख तू पलंगावर बसून काढलास. दाजींनी पट्टी धरली. मी रविवारी आलो तेव्हा तो उशाशी होता. डॉक्टर राउंडला आले तर त्यांना दाखवलास. "माझा भाऊ. टीव्ही दुरुस्त करतो. शंभर किलोमीटरवरचा ओझोन मोजतो हा, कानानं." डॉक्टरांनी माझ्याशी हात मिळवला.

महिनाअखेरीला त्यांनी तुला घरी न्या म्हणून सांगितलं. याचा अर्थ आपल्याला तिघांनाही कळत होता. तेव्हापासून तू गेलीस तोवर बारा रविवार झाले. बाराही रविवारी मी घोडेगावला आलो. सांगायला बारा वेळा मोकळी जागा होती. दाजी भाजी आणायला जायचे तेव्हा, तू झोपेतून उठायचीस तेव्हा. एकदा तू स्वतःच विषय काढलास. जळालेल्या उल्केचं शेवटी काय होतं, ते सांगत होतीस. धातूचे कण एकमेकांना चिकटून फार बारीक धूर होतो, चुलीच्या धुरापेक्षा कितीतरी बारीक, आणि तो वर्षानुवर्षं खाली खाली येत राहतो. थंड प्रदेशात उन्हाळ्यात फार उंचावर ढग होतात, ते त्या धुराच्या कणांवर बर्फ धरून होत असावेत, असं म्हणतात. "असावेत," तू परत म्हणालीस. "नक्की कोणाला माहीत नाही. ते बघायचं राहिलं."

मी म्हणालो, "ताई, मला एक सांगायचंय."

"सांग."

"औषध घेतलंस का?"

बघ. हे असं.

आणि मग दुसरी गोष्ट. फेब्रुवारीत तू म्हणायला लागलीस, "मला एकदा खोडदला घेऊन चल. अँटेना बघायचीय. पडवीत बसून एक-दोन ऐकते आणि लगेच परत येते." मी म्हणालो, रस्ता लई खराब आहे, दणके बसतील. पुढच्या रविवारी परत म्हणालीस. मी म्हणालो, सेट दुरुस्तीला काढलाय. तिसऱ्यांदा म्हणालीस तेव्हा घराला रंग चाललाय म्हणालो. घरी आलो तर तुझी भावजय म्हणाली, "ताईंना आणा की. मी बघते त्यांचं सगळं." तिलाही मी रागावलो. पत्र्यावर नुसता बांबू होता, ताई. तू गाडीतून उतरताच वर बघितलं असतंस.

चौथ्यांदा तू म्हणाली नाहीस.

दहावीचे पेपर चालू असताना तू गेलीस. सकाळचे दहा वाजले होते, रविवार नव्हता. मी दुकानात होतो.

दाजींनी वह्या माझ्याकडं दिल्या. म्हणाले, तूच ठेव. मी तू फोनवरून उतरवून घेतलेलं डिसेंबरचं पान उघडलं आणि पेन्सिलीची खूण शोधली. मला ती हवी होती. एखाद्या आकड्याशेजारी एक प्रश्नचिन्ह असतं, तर निदान तुला संशय आला होता असं तरी झालं असतं. तू मनातल्या मनात मला पकडलंस आणि सोडून दिलंस, असं समजून मी दिवस काढले असते. चारी दिवसांचे आकडे भिंगाखाली बघितले. मागच्या चार वर्षांत असं एक पान नाही, जिथं तू शंका घेतली नाहीस. या पानावर एकही खूण नाही. सगळ्यात खोटं पान तेवढं तुला सगळ्यात खरं वाटलं.

आता त्या वह्यांचं काय करायचं? चार वर्षांची खरी मोजणी आहे. पण मीच मोजलेली आहे. पाचवं वर्ष मी बनवलं हे ज्याला कळेल, तो पहिल्या चारांवर का विश्वास ठेवेल? मी असतो तर ठेवला नसता. शेवटच्या एका पानानं तुझी मागची चारही वर्षांची मेहनत मी खाल्ली. झाडून सगळी.

गेल्या रविवारी वह्या पिशवीत घालून मी घोडेगावला गेलो. दाजींना सांगायचं ठरवूनच गेलो होतो. घरात ते एकटेच. चहा टाकला होता त्यांनी. मी दारातच म्हणालो, नाहीतर परत राहिलं असतं.

"दाजी, डिसेंबरातले आकडे खोटे हायेत. मी मोजलंच न्हाई. अँटेना नव्हतीच."

दाजी चहा गाळत होते. गाळणी झटकून बाजूला ठेवली.

"म्हाईत हाय," ते म्हणाले.

"कसं?"

"दिवाळी झाल्यावर म्या खोडदला आलतो. तिला दवाखान्यात आईची गोधडी पायजे व्हती. तू दुकानात व्हतास. वर बघितलं तर नुसता बांबू."

"मग तिला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? चार दिस जेवली ती, मिलिंद. फोन झाला की पेज मागायची. मी पट्टी धरली, ती रेघा मारायची. म्हणलं, मारू द्या."

मला बरं वाटलं, ताई. लाज वाटते सांगायला, पण पहिल्यांदा जरा बरं वाटलं. वाटलं, चला, तुझं चार दिवसांचं जेवण तरी माझ्या नावावर आहे. मी कप घ्यायला हात पुढं केला.

दाजी म्हणाले, "पर तिला न्यायला पायजे व्हतं रं तू."

"कशी नेणार? अँटेना—"

"अँटेनाला काय करायचंय? मला वाटायचं, आज हा कबूल करंल, उद्या करंल आन घेऊन जाईल. म्हणून मी मधी पडलो न्हाई. तिला अँटेना बगायची नव्हती. घरी यायचं व्हतं. आईच्या ओट्यावर बसायचं व्हतं घटकाभर. मला रोज म्हणायची."

"मग मला तसं का नाही म्हणाली?"

"शिकून, नोकरी करून, घर बांधून, आता या वयात भावाला म्हणायचं, मला माहेरी ने? लाजायची. म्हणून अँटेनाचं नाव काढायची." त्यांनी कप माझ्यापुढं ठेवला. "तीनदा काढलं. मग म्हणली, त्याला अडचण असंल, जाऊ द्या."

चहा तसाच राहिला. वह्यांची पिशवी मी खुर्चीवर ठेवली आणि निघालो.